देवाला न दाखवलेली काकडी

१

“बोलंन मी. पन दार उघडं ठेवा, बाय. दार लावलं का मी नाय बोलायची.”

सुकरीचे हे शब्द कानात घेऊनच त्या शनिवारी मी आश्रमशाळेच्या फाटकाशी जीपमधून उतरले.

सुकरी आठवीतली. आदल्या आठवड्यात मी त्या शाळेत मुलींशी बोलायला गेले होते. निघताना तिनं मागून माझा पदर धरला आणि एवढंच बोलून सोडला. मी म्हटलं, “शनिवारी येते. दार उघडं ठेवते.” शब्द दिला.

मी जयवंती. जव्हारला प्राथमिक शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. ज्या मुलांवर काही वाईट गुदरल्याचा संशय असतो, त्यांच्यासोबत बालकल्याण समिती मला पाठवते. जबाब असो, दवाखाना असो की न्यायालय, मुलाच्या शेजारी बसायचं, एवढंच माझं काम. सुकरीचं बोलणं मी त्याच दिवशी समितीच्या कानावर घातलं होतं. शनिवारी तिला आणायचं ठरलं होतं.

“सुकरी?” मुख्याध्यापक सुदर्शन सर खुर्चीतून अर्धे उठले. “अहो जयवंतीताई, तिला गुरुवारीच वडिलांनी नेलं. तुम्हाला कळवायचं राहून गेलं बघा.”

सुदर्शन सर मूळचे घाटावरचे, पण इथं येऊन जमाना झाला. एकादशीला आमच्याकडे भजनाला येत. आवाज गोड.

एक मुलगी ताटलीत पाण्याचा पेला घेऊन आली. उंबऱ्याशी थांबली, वाकून ताटली बाहेरच फरशीवर ठेवली आणि पळाली.

“लाजतात,” सर हसले. उठून त्यांनी ताटली आत आणली आणि येता येता दार लोटलं. “बाहेर फार गोंगाट.”

“राहू द्या उघडं,” मी म्हटलं. “मला कोंदटतं.”

मग सरांनी सगळं सांगितलं. सुकरीचा बाप ढवळू गुरुवारी दुपारी आला. शेतातल्या काकड्यांचं टोपलं घेऊन आला. “इथंच बसला, या खुर्चीत. विळी मागवली, काकडी चिरली, मीठ लावून मला दिली. स्वतःही दोन फोडी खाल्ल्या. म्हणाला, सर, पोरीच्या बोलण्यावर जाऊ नका, तिच्या अंगात येतं. भगताला दाखवतो. साधा माणूस हो. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.”

टोपलं टेबलावरच होतं. त्यांनी एक काकडी माझ्यापुढे धरली.

“माझा नेम आहे,” मी म्हटलं. “नवं काही देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाही.”

“तुमची व्रतं म्हणजे!” हसत त्यांनी ती कागदात गुंडाळून दिली. हिरवीगार, गुळगुळीत काकडी. टोपल्यातल्या सगळ्या तशाच, एका मापाच्या.

मागच्या भिंतीवर संस्थेचे सचिव तुळशीदासभाऊ यांचा मोठा फोटो होता. शिरपामाळजवळच्या त्यांच्या मळ्यात, हिरव्या जाळीच्या मांडवाखाली पाहुण्यांना फिरवताना.

मी उठले तेव्हा टोपल्याखालून डोकावणारा कागद दिसला. समितीचंच पत्र. ‘सदर मुलीस शनिवारी हजर ठेवावे.’ पत्ता मुख्याध्यापकांचा.

ज्या घरातून पोरीला सोडवायचं, त्याच घराला आम्ही आधी दवंडी पिटून कळवलं होतं.

२

वसतिगृहाची अधीक्षिका वर्षा जव्हारकडचीच. ती चादरी मोजायचं निमित्त करून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

“सुकरीनं तुला काही सांगितलं होतं का गं?”

“मी वर कळवलं होतं, बाई.”

“वर म्हणजे कुणाला?”

“सरांना. आमची रीत तीच आहे ना. आधी सरांना.”

“काय कळवलंस?”

“पोरगी जेवत नाही म्हणून. रात्री दचकून उठते म्हणून.” तिचा हात चादरीवर थांबला. “सर म्हणाले, पोटदुखी असेल, दवाखान्यात न्या. नेलं. डॉक्टरांनी पोटदुखीचं औषध दिलं.”

“एकटीला तपासलं?”

“सर होते ना सोबत. ते कसे बाहेर थांबणार?”

मी तिथल्या पेटीवर बसले.

“गुरुवारी ढवळू आला तेव्हा तू होतीस?”

“होते.” मग घाईनं, “काकडी खाताना मात्र मी नाही पाहिलं. ते मी नाही पाहिलं, बाई.”

मी खाण्याबद्दल विचारलंच नव्हतं.

अंगणात शाळेची जीप धूत कमलेश उभा होता. ड्रायव्हर. मोखाड्याच्या बाजूचा.

“कमलेश, गुरुवारी ढवळू कशानं आला रे? पायी की गाडीनं?”

“मला काय इचारता, बाय? मी डायवर. गाडी जिकडं जाते तिकडं मी जातो.”

“मग गुरुवारी गाडी कुठं गेली होती?”

“गाडीलाच इचारा.” तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “टोपलं होतं येवढं मी सांगीन. बाकीचं तुमचं सर सांगतील. त्यांना लय चांगलं सांगता येतं.”

मी फाटकाबाहेर पडताना तो मागून हलक्या आवाजात म्हणाला, “बाय, पाड्यावर जाऊन या.”

३

करंजपाड्याला पोचायला मोखाड्यापर्यंत जीप आणि पुढे पायवाट. सुकरीची आई रामी नागलीच्या रानात वाकलेली होती. मला पाहून कमरेला हात लावून उभी राहिली आणि तोंडभर हसली.

“बाय, तुम्ही इकडं? माजी सुकरी बरी हाय ना? आता जेवते ना?”

तिला वाटत होतं, पोर शाळेतच आहे.

“रामी, ढवळू कुठं आहे?”

“तो गुरवारी सकाळीच गेला. बाजारात सुकरीची मैतरीन भेटली, ती बोलली, सुकरी रडते, सर वाईट हाय. तसा हा उठला. बोलला, पोलिसात जातो. तवापासून आला नाय. म्या बोलले, साहेब लोकांचं काम, बसवला आसंल.”

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढायला गेले तशी कागदातली काकडी निसटून बांधावर पडली. रामी एकदम मागं सरली, जसा काही मी साप टाकला.

“ही कुठनं आनली?”

“तुमच्याच शेतातली ना? ढवळूनं शाळेत दिली म्हणे. तिथंच चिरून खाल्लीसुद्धा.”

ती आधी हसली. हसता हसताच चेहरा उतरला. माझं मनगट धरून तिनं मला झोपडीमागं नेलं. मांडवावर वेल चढला होता. काकड्या लोंबत होत्या, जाड, अंगावर काटे, काही पिवळ्या पडायला लागलेल्या. एकही देठ तुटलेला नव्हता.

“पाड्यातला म्हातारा वारला. भगतानं नव्याचा सण पुढं ढकलला. देवाला दाखवल्याबगर कोन तोडंल? ल्हान पोरगा बी हात लावत नाय. आन माजा नवरा तोडून लोकाच्या घरात बसून खाईल? तो उपाशी मरंल, बाय.”

मी त्या वेलापुढं उभी राहिले. माझ्या घरी मी तेच करते. तुळशीपुढं ठेवल्याशिवाय फळाची फोड तोंडात घालत नाही. सरांनी मला हसून काकडी बांधून दिली, आणि हा माणूसही तसाच असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं या लोकांच्या पोरांना शिकवून त्यांच्या ओट्यावर ते कधी बसलेच नव्हते.

ढवळू शाळेत आला नव्हता.

मग पोर कुणी नेली? आणि ढवळू कुठं होता?

४

ओढ्याच्या अलीकडच्या पोलीस ठाण्यात हवालदार गौतम चहा पीत होते. माणूस वाईट नव्हता. माझ्यासाठी खुर्ची स्वतः ओढली.

“सुकरी ना? हो, शाळेतनं फोन आला होता. बापानं घरी नेली. घरगुती विषय आहे, बाई. आता बापानंच नेली म्हटल्यावर हरवल्याची नोंद कशी घ्यायची?”

“बापाला तुम्ही पाहिलंत?”

“कशाला पाहायचं? शाळेनं कळवलंय ना. संस्था मोठी आहे.”

मी काही बोलणार, तेवढ्यात व्हरांड्यातून खोकल्याचा आवाज आला. बाकड्यावर एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगावर फाटका सदरा, पायात काही नाही.

“हा कोण?”

“तो होय? डोक्यानं जरा असा आहे. गुरुवारपासनं येऊन बसतो. पलीकडच्या ठाण्यात गेला, त्यांनी सांगितलं हद्द आमची. आम्ही सांगितलं, शाळा ओढ्याच्या पलीकडं, म्हणजे हद्द त्यांची. जातो, परत येतो. सारखं एकच, माझी पोर शाळेत हाय, माझी पोर शाळेत हाय. आता शाळेत आहे तर तक्रार काय घ्यायची, सांगा?”

मी त्या माणसाकडं वळून पाहिलं.

“गुरुवारी दुपारी कुठं होता तो?”

“इथंच की. आम्ही डबे उघडले तेव्हा त्यालाही भाकरी दिली. बिचारा खाईना.”

“नाव विचारलंत?”

“साहेब आले की विचारणार होते.”

मी बाकड्याजवळ गेले. खाली, त्याच्यासमोर फरशीवर बसले. “दादा, नाव काय तुमचं?”

“ढवळू,” तो म्हणाला. “सुकरीचा बाप.”

मागं कप बशीवर आपटल्याचा आवाज झाला. गौतमांच्या तोंडाचा रंग गेला होता. ज्या बापानं गुरुवारी दुपारी पोर घरी नेली असं त्यांच्या ठाण्यानं मान्य करून टाकलं होतं, तो बाप त्या वेळी त्यांच्याच बाकड्यावर, त्यांच्याच हातची भाकरी घेऊन बसला होता.

“हद्दीचं काय ते नंतर बघा,” मी म्हटलं. माझा आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही. “अशा तक्रारीला हद्द लागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आधी पोर शोधायची. आणि ती कुठं आहे, हे मला ही काकडी सांगते आहे.”

५

महिला शिपाई प्रतिक्षा गाडीत माझ्याशेजारी बसली. पुढं गौतम. ढवळू मागं, खिडकीची दांडी घट्ट धरून.

“काकडीवरनं कसं काय, बाई?” प्रतिक्षानं विचारलं.

“पाड्यावरच्या काकडीला काटे असतात गं. जाड, वाकडीतिकडी. ही बघ. गुळगुळीत, सगळ्या एका साच्यातल्या. पावसाळ्यात अशी काकडी जाळीच्या मांडवाखालीच येते. या भागात तसा मांडव कुणाचा आहे, ते सरांच्या डोक्यामागच्या फोटोतच होतं.”

“तुळशीदासभाऊंचा मळा! शिरपामाळजवळ.”

“गुरुवारी शाळेची जीप तिथं गेली होती. जाताना काहीतरी घेऊन गेली आणि येताना टोपलं घेऊन आली. सरांना गोष्ट रचायची होती. समोर टोपलं दिसलं, ते त्यांनी गोष्टीतल्या ढवळूच्या हातात दिलं.”

मळ्याच्या फाटकाला कुलूप नव्हतं. राखणदारीण अंगणात भांडी घासत होती. पोलीस बघून तिच्या हातातलं पातेलं गळालं.

“भाऊ बोलले, पाव्हन्याची पोर हाय, आजारी हाय, कोनाला दावू नको.”

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी ती काढली आणि दार पार भिंतीला टेकेपर्यंत ढकललं.

सुकरी कोपऱ्यात बसली होती. अंगावर शाळेचाच गणवेश. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. आधी दाराकडं पाहिलं, ते उघडंच राहतंय का. मग माझ्यामागं उभ्या बापाकडं. ढवळूनं हाक मारली नाही. उंबऱ्यातच मटकन बसला आणि हात पुढं केले.

प्रतिक्षा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

परत निघालो तेव्हा फाटकात मोटार येऊन थांबली. पांढऱ्या कपड्यांतले तुळशीदासभाऊ उतरले. हात जोडून म्हणाले, “जयवंतीबाई, मी काही वाईट केलं नाही. पोरीला इथं जेवायला-खायला होतं. शाळेची मान्यता गेली तर एवढ्या पोरांनी जायचं कुठं, याचा विचार कुणी करायचा?”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं, तिच्यावर काय गुदरलंय ते?”

“कळवलं होतं मला.”

“मग?”

“चौकशी समिती नेमली ना मी! लगेच.”

“अध्यक्ष कोण?”

तुळशीदासभाऊ मोटारीकडं वळले.

६

रविवारी बालकल्याण समितीच्या खोलीत सगळे आले. सुकरी तिथं नव्हती. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून बालगृहात झोपली होती.

सुदर्शन सर शांत होते. “माझी ऐकण्यात चूक झाली असेल,” ते म्हणाले. “दुसरा कुणी आला असेल, ढवळू म्हणून. मी काय ओळखणार?”

“सर,” मी म्हटलं, “कुणी आलंच नव्हतं. टोपलं कमलेशनं आणलं.”

कमलेश भिंतीला टेकून उभा होता. मान खाली घालून म्हणाला, “पोर बी मीच नेली. सरांनी सांगितलं, आजारी हाय, मळ्यावर सोड. वाटंत ती रडत होती. म्या गाडी नाय थांबवली.”

“टोपलं होतं, एवढंच कमलेश बोलला होता,” मी पुढं म्हटलं. “वर्षा म्हणाली, खाताना मी पाहिलं नाही. दोघंही इथलेच. खोटं बोलायला त्यांना भाग पाडलंत, पण नव्याआधी ढवळूनं काकडी खाल्ली, एवढं मात्र त्यांच्या जिभेवर येईना. ते तुम्ही एकट्यानंच सांगितलंत. मीठ लावून, दोन फोडी.”

वर्षा रडायला लागली. “मला वाटलं, बाई, तुम्ही ओळखाल. म्हणून तेवढं बोलले मी.”

“वर्षा, हे ओळखायला तू मी येण्याची वाट बघत होतीस?”

तिनं पदरात तोंड लपवलं. मलाही माझे शब्द लागले, पण मागं घ्यावेसे वाटले नाहीत.

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, “पण लपवायची एवढी धडपड कशासाठी, सर? शाळेच्या नावासाठी?”

“भाऊंची शाळेच्या नावासाठी,” मी म्हटलं. “सरांची नाही. सुकरी जेवत नाही, हे वर्षानं वर कळवलं. वर म्हणजे सर. दवाखान्यात तिच्यासोबत सर. तिथून गोष्ट भाऊंकडं गेली. भाऊंनी चौकशी समिती नेमली, तिच्या कागदावर अध्यक्ष म्हणून नाव सरांचंच. आम्ही पत्र पाठवलं, तेही सरांच्या नावानं. या पोरीनं ज्या ज्या दारावर थाप मारली, त्या दारामागं हेच बसले होते.”

“हा तर्क झाला, ताई,” सर म्हणाले. आवाज तोच, भजनातला. “माझ्यावर आळ घ्यायला काय आधार आहे तुमच्याकडं?”

मला ती पाण्याची ताटली दिसत होती.

“तुमच्या खोलीत पाणी घेऊन आलेली मुलगी उंबऱ्याच्या आत आली नाही. तुम्ही म्हणालात, लाजतात. काल संध्याकाळी प्रतिक्षानं वसतिगृहातल्या मुलींना एकेक करून विचारलं, ओट्यावर, उघड्यावर. मोठ्या मुलींनी लहान्यांना शिकवून ठेवलंय. सरांच्या खोलीत पाणी न्यायचं तर उंबऱ्यावर ठेवायचं. आत पाय टाकायचा नाही. ही रीत कधीपासून आहे, तेही कुणाला आठवत नाही. ज्यांनी ती पहिल्यांदा काढली, त्या मुली शाळा सोडून गेल्यात.”

अध्यक्षबाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

हे सगळं शाळेत रोज घडत होतं. शिक्षक, स्वयंपाकी, तपासणीला येणारे साहेब, सगळ्यांनी तो उंबऱ्यावरचा पेला उचलून पाणी प्यायलं होतं. गेल्या आठवड्यात मीही तसाच उचलला होता आणि म्हटलं होतं, किती शिस्तीच्या मुली.

सरांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. गौतम दाराशी उभे होते. या वेळी त्यांनी हद्द विचारली नाही.

७

पण अटक झाली म्हणजे संपत नाही. सर जामीन मागणार, मोठा वकील देणार. लपवल्याचं सिद्ध होईल. त्या खोलीत काय झालं, ते सांगायचं सुकरीनं. न्यायदंडाधिकारी बाईंसमोर तिचा जबाब ठरला. ती बोलली नाही तर पुढच्या वर्षी कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत तीच खुर्ची, तेच दार.

आदल्या दिवशी मी बालगृहात गेले. रामी तिच्या केसांना तेल लावत होती.

“आमचं नवं झालं?” सुकरीनं विचारलं.

“नाय,” रामी म्हणाली. “भगत बोलला, पोर घरी येऊ दे. मंग दाखवू. आख्खा पाडा थांबलाय, बाय. काकड्या पार पिवळ्या झाल्या.”

सुकरीला थोडं हसू आलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “कोरटात दार लावतात ना? प्रतिक्षाताई बोलली.”

“कायद्यानंच लावतात गं, तुझं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून.”

ती तेलाच्या वाटीत बघत राहिली. मी तिला दार उघडं ठेवायचा शब्द दिला होता.

तिथूनच मी न्यायदंडाधिकारी बाईंना भेटायला गेले. सगळं सांगितलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या आणि शिपायाला बोलावून म्हणाल्या, उद्या व्हरांडा पूर्ण मोकळा करा, जिन्याशी माणूस उभा करा. दाराला पडदा लावा. दार मात्र अर्धं उघडं राहील, आणि जयवंतीबाई दाराशी बसतील. “फक्त वाऱ्यानं ते आपटतं हो,” त्या म्हणाल्या. “आमचं हे दार थांबत नाही.”

आज पहाटे स्नान केलं, देवापुढं दिवा लावला. सकाळचं काही तोंडात घातलं नाही. पठारावरचा वारा आमच्या घरातही दारं आपटतो, म्हणून पुढच्या दाराखाली सासूबाईंच्या वेळची सागाची पाचर असते. वाकून मी ती काढली. दार माझ्यामागं धाडकन लागलं, शेजारची जागी झाली असेल.

पाचर पुसून पिशवीत टाकली आणि एसटी स्टँडकडं चालू लागले.